पाणथळीचे कविसमय : पक्षिनिरीक्षणपर मराठी ललित गद्याविषयी

१

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६), व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे विपुल लेखन अशी मराठीतील निसर्गपर ललित गद्याची एक सलग रेषा दाखविता येते. या रेषेच्या कडेला गेल्या काही दशकांत एक छोटा गद्यप्रकार रुजला आहे. पाणथळीच्या एखाद्या अभयारण्याला पक्षिनिरीक्षणासाठी दिलेल्या भेटीचा वृत्तांत, असे त्याचे वर्णन करता येईल. दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, पक्षिमित्रांच्या संमेलनांच्या स्मरणिका यांत तो विखुरलेला आहे. नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, भिगवण, नवेगावबांध आणि महाराष्ट्राबाहेरचे भरतपूर ही त्याची नेहमीची स्थळे होत. माहितीपर लेखन म्हणून त्याची बोळवण केली जाते. त्यामुळे साहित्यप्रकार म्हणून त्याच्याकडे पाहण्याची निकड समीक्षेला सहसा वाटत नाही.

या वृत्तांताची घडण मात्र आश्चर्य वाटावे इतकी स्थिर आहे. पहाटेच्या अंधारात प्रयाण, पाण्यावरचे धुके, निरीक्षण मनोरा, पहिल्या थव्याचे उड्डाण, मग एकामागून एक येणारी पक्ष्यांची नावे, एखाद्या दुर्मीळ पक्ष्याचे क्षणभर दर्शन, ऊन चढल्यावर परतणे आणि अखेरीस निसर्गाच्या भवितव्याविषयी एक उसासा. स्थळ बदलले, लेखक बदलला, तरी क्रम बदलत नाही. जेथे प्रत्यक्ष पाहणे हाच लेखनाचा हेतू आहे, तेथे पाहण्याचा क्रम आधीच ठरलेला असावा, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. या लेखकांजवळ निरीक्षणशक्ती उणी आहे, असे म्हणून तो सुटत नाही. त्यांतील अनेकांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. पंखाच्या कडेवरील पट्ट्यावरून किंवा चोचीच्या वळणावरून जाती ओळखणारी त्यांची नजर आहे. तरीही तिच्या पुढ्यात असलेल्या काही गोष्टी लेखनात उतरत नाहीत आणि पुढ्यात नसलेल्या काही गोष्टी हमखास उतरतात. हे घडते ते संकेतामुळे.

भारतीय साहित्यशास्त्रात अशा संकेतांसाठी ‘कविसमय’ ही संज्ञा आहे. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात कनौजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयाने राहिलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त तिची सविस्तर मांडणी केली. आपल्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध अभिमानाने सांगणारा हा लेखक आहे. अशास्त्रीय आणि अलौकिक असले तरी कवींनी परंपरेने स्वीकारलेले अर्थ म्हणजे कविसमय, असे तो म्हणतो, आणि त्यांची तीन प्रकारांत विभागणी करतो. जे नाही त्याचे वर्णन करणे, हे असत्-निबंधन. जे आहे त्याचे वर्णन टाळणे, हे सत्-अनिबंधन. आणि जे अनेक ठिकाणी वा अनेक काळी आढळते ते एकाच ठिकाणी वा एकाच काळी आढळते असे मानणे, हा नियम. त्याची उदाहरणे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील कितीतरी पाण्याची आणि पाण्यावरच्या पक्ष्यांची आहेत. पाणी दिसले की त्यावर हंस दाखविणे, चक्रवाकाच्या जोडीने रात्री भिन्न तटांवर राहणे, चकोराने चांदणे पिणे ही असत्-निबंधनाची उदाहरणे. कोकिळेचा स्वर वसंतातच ऐकू येणे आणि मोराचा नाच पावसाळ्यातच होणे ही नियमाची. पाणथळ हे कविसमयाचे जुने माहेर आहे.

राजशेखराने या संकेतांचे जे समर्थन केले आहे ते आजच्या विवेचनाला विशेष उपयोगी आहे. प्राचीन विद्वानांनी शास्त्रे जाणून, देशांतरे आणि द्वीपांतरे हिंडून जे अर्थ पाहिले आणि मांडले, ते देशकाल पालटल्यामुळे तसे राहिले नाहीत. तरीही ते पूर्ववतच वर्णिले जातात, तो कविसमय, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे कविसमयाच्या मुळाशी कोणाचे तरी खरे निरीक्षण असू शकते. चक्रवाक प्रामुख्याने रात्री चरणारा पक्षी आहे. काळोखात दूर गेलेल्या जोडीदारांच्या हाकांवरून विरहाची कल्पना सुचली असणे अशक्य नाही. कविसमय हे गोठलेले निरीक्षण होय. पक्षिनिरीक्षणपर मराठी गद्याने जुने कविसमय टाकून दिले. हंसाला नीरक्षीरविवेकाच्या जबाबदारीतून मुक्त केले, चक्रवाकाला ‘ब्राह्मणी बदक’ म्हणून यादीत जागा दिली. पण त्याने स्वतःचे नवे कविसमय निर्माण केले. राजशेखराची त्रिविध विभागणी त्यांना जशीच्या तशी लागू पडते.

२

नव्या असत्-निबंधनाचे प्रमुख उदाहरण म्हणजे ‘अस्पर्श निसर्ग’. शहराच्या कोलाहलापासून दूर, मानवी हस्तक्षेपाविना आपल्या लयीत जगणारे एक आदिम जलविश्व, हे चित्र या वृत्तांतांच्या आरंभीच रेखाटले जाते. ज्या स्थळांविषयी ते रेखाटले जाते ती मात्र बहुतेक सारी माणसाने बांधलेली आहेत.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे त्याचे स्वच्छ उदाहरण आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत, सिंचनासाठी एक बंधारा घालण्यात आला. त्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि गोदाकाठचा कोरडवाहू मुलूख उसाखाली आला. वरून येणारा गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झाले, गाळाची बेटे वर आली, त्यांवर लव्हाळे आणि पाणगवत माजले. अभियंत्याच्या हिशेबात हे जलाशयाचे नुकसान होते. शेकाट्या, शराटी, चमचा, कमळपक्षी यांच्या दृष्टीने मात्र हे उथळ चिखलपाणी म्हणजेच अन्न आणि आसरा होते. १९८६ साली हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. धरणाचा दोष पक्ष्यांचे घर झाला, असा हा इतिहास आहे.

तेथील पाण्याची पातळी ऋतूंवर अवलंबून आहे, त्याहून अधिक ती दारणा, गंगापूर अशा वरच्या धरणांतून होणाऱ्या विसर्गावर आणि कालव्यांच्या आवर्तनांवर अवलंबून आहे. आवर्तन सुटले की चिखल उघडा पडतो आणि चिखलपक्षी उतरतात. पाणी अडले की बदकांना सोयीचे होते. कोणत्या सकाळी कोणता पक्षी दिसेल हे सैबेरियात जितके ठरते तितकेच पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकातही ठरते. नाशिक शहराचे सांडपाणी आणि त्याबरोबर फोफावणारी जलपर्णी हेही याच पाण्याचे घटक आहेत. निवेदक मात्र धुक्याचे वर्णन करतो आणि दरवाजाविषयी मौन पाळतो. धुके आणि दरवाजा ही दोन्ही एकाच दृश्यात असतात. एकाला सौंदर्यमूल्य आहे आणि दुसऱ्याला नाही, असा निर्णय डोळ्यांनी घेतलेला नसतो. तो गद्यप्रकाराने घेतलेला असतो.

या बाबतीत कायद्याची भाषा ललित गद्यापेक्षा अधिक यथार्थ आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळीची जी व्याख्या केली तिच्यात नैसर्गिक आणि कृत्रिम, कायम आणि हंगामी, वाहते आणि साचलेले, गोडे आणि खारे अशा साऱ्या पाण्यांना समान स्थान आहे. आणि संवर्धनाच्या जोडीला ‘सुज्ञ वापर’ हे त्या कराराचे सूत्र आहे. वापर ही कल्पना तेथे निषिद्ध नाही. मराठीतही ‘पाणथळ’, ‘खाजण’, ‘दलदल’, ‘बांध’, ‘गाळपेर’ असे शब्द आहेत, आणि त्यांतील ‘बांध’ व ‘गाळपेर’ हे तर सरळ श्रमाचे शब्द आहेत. वृत्तांतकार त्यांच्याऐवजी ‘जलसृष्टी’ किंवा ‘पक्षितीर्थ’ असे शब्द पसंत करतो. शब्दांच्या या निवडीबरोबर इतिहासही गळतो.

३

सत्-अनिबंधन हा दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. कारण येथे वगळली जाते ती जिवंत माणसे.

या गद्यातील एका नावाकडे लक्ष द्यावे. पाण्यावर एका जागी फडफडत थांबून सूर मारणाऱ्या काळ्या-पांढऱ्या खंड्याला मराठीत ‘कवड्या धीवर’ म्हणतात. धीवर म्हणजे मासेमार. पक्ष्याला हे नाव मिळाले ते त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसावरून. वृत्तांतात कवड्या धीवर हमखास येतो. ज्याच्यावरून तो ओळखला जातो तो माणूस मात्र येत नाही, आणि आला तर व्यत्यय म्हणून येतो. त्याच्या होडीने थवा उडतो, त्याच्या जाळ्यात एखादा पाणकावळा अडकतो. रूपक शिल्लक राहावे आणि त्याचे उपमान नाहीसे व्हावे, असा हा प्रकार आहे.

भिगवणचे उदाहरण आणखी बोलके आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याखाली गावे गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. या फुगवट्याच्या उथळ कडेला रोहित उतरू लागले आणि कुंभारगाव-भिगवण परिसरातील मच्छीमार आपल्या होड्यांतून निरीक्षकांना नेऊ लागले. येथे मासेमार वृत्तांतात प्रवेश करतो, पण वाटाड्या म्हणून. तो पक्षी दाखवितो, होडी शांतपणे वल्हवितो, क्वचित एखादे स्थानिक नाव सांगतो. त्याचे जाळे, त्याला मिळणारा भाव, विस्थापनानंतर जलाशयाशी जुळलेले त्याचे नाते हे संहितेबाहेरच राहते. त्याचप्रमाणे जलाशय उतरू लागला की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर केली जाणारी गाळपेर जायकवाडीच्या काठावर पक्ष्यांइतकीच ठळक असते. ती दिसली तरी ‘अतिक्रमण’ या एका शब्दात मिटविली जाते. धरणात ज्याची जमीन गेली त्यानेच गाळपेर केली असण्याची शक्यता या शब्दात उरत नाही.

ललित लेखाने साऱ्या सामाजिक वास्तवाचा पंचनामा करावा काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. निवड हा प्रत्येक कलेचा अधिकार आहे. मात्र वगळण्याचा संकेत एकदा प्रस्थापित झाला की तो लेखनापुरता राहत नाही. तो पाहण्याची सवय बनतो, आणि सवय निर्णयांपर्यंत पोहोचते. ही भीती काल्पनिक नाही, हे भरतपूरच्या इतिहासावरून दिसते.

भरतपूरचे केवलादेव हे मराठी पक्षिनिरीक्षकांचे जणू आद्यपीठ. नांदूर मध्यमेश्वरची थोरवी सांगायची झाली तरी त्याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले जाते. मूळची ती सखल जमीन. अजान बांध आणि त्यापासून निघालेल्या पाटांनी तेथे पाणी खेळविले गेले, आणि संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे बदकांच्या शिकारीचे क्षेत्र विकसित केले. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झाले, १९८१ साली रामसर स्थळांच्या यादीत आले, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळ झाले. या साऱ्या काळात आसपासच्या गावांतील म्हशी तेथे चरत होत्या. राष्ट्रीय उद्यानाच्या कल्पनेत म्हैस बसत नव्हती. १९८२ साली चराईवर बंदी आली. ग्रामस्थांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही माणसे प्राणास मुकली. या बंदीला सलीम अलींसारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचाही पाठिंबा होता.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने त्याच उद्यानात केलेल्या दशकभराच्या परिस्थितिकीय अभ्यासातून जे निष्पन्न झाले ते अपेक्षेच्या उलट होते. म्हशी हटल्यावर ‘पास्पालम’ हे पाणगवत अनिर्बंध वाढले आणि उघडे उथळ पाणी त्याने झाकून टाकले. जलपक्ष्यांना त्याचा त्रास झाला. जिला व्यत्यय समजले गेले ती म्हैस त्या पाणथळीच्या घडणीचा भाग होती. सैबेरियन क्रौंचाला चिखलातील कंद उकरण्यासाठी असेच उघडे उथळ पाणी लागते. २००१-०२च्या हिवाळ्यानंतर तो भरतपूरला दिसलेला नाही. स्थलांतराच्या मार्गावरील शिकार हे त्याच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण मानले जाते. त्यामुळे त्याचा नाश एकट्या चराईबंदीने झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण म्हैस वगळून पाणथळ पाहता येते, या समजुतीची किंमत माणसांनी आणि पक्ष्यांनी मिळून मोजली, एवढे निश्चित म्हणता येते. शास्त्रज्ञाच्या अहवालात म्हैस परत आली. सहलीच्या वृत्तांतात ती अद्याप परतलेली नाही, आणि हा सत्-अनिबंधनाचा टिकाऊपणा होय.

४

तिसरा प्रकार नियमाचा. कोकिळा वसंतातच कूजन करते, या जुन्या नियमाच्या जागी पाणथळीचा पक्षी हिवाळ्यातच आणि पहाटेच असतो, हा नवा नियम आला आहे. त्याला व्यावहारिक आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात आणि सकाळी पक्ष्यांची हालचाल अधिक असते. परंतु नियम आधाराच्या पलीकडे जातो. टिबुकली, वारकरी, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी हे बारमाही वास्तव्य करणारे पक्षी या गद्यात पार्श्वभूमीला जातात आणि दूरदेशीच्या ‘पाहुण्यां’ना अग्रमान मिळतो. ‘पाहुणा’ हे रूपक तर इतके रूढ झाले आहे की ते रूपक आहे याचेच विस्मरण झाले आहे. जो पक्षी वर्षातील कितीतरी महिने येथे काढतो आणि पिढ्यानपिढ्या येथेच परततो तो पाहुणा कसा, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मे महिन्याच्या दुपारी आटलेल्या जलाशयाकाठी गेलेल्या लेखकाचा वृत्तांत मराठीत विरळा. पाणथळीचे भवितव्य मात्र नेमके त्याच दुपारी ठरत असते.

नियमाचाच दुसरा आविष्कार यादी हा होय. किती जाती दिसल्या, किती थवे होते, कोणता पक्षी प्रथमच नोंदविला गेला, यांची मोजदाद वृत्तांताच्या मध्यभागी असते. शास्त्रीय गणनेला स्वतःचे महत्त्व आहे. प्रश्न आहे तो ललित गद्यात संख्येला मिळालेल्या कीर्तिमूल्याचा. भरतपूरला केवलादेवाच्या मंदिराजवळ शिळांवर शिकारींची नोंद कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले, ही तिच्यातील सर्वांत मोठी संख्या. मारणे आणि पाहणे यांत नैतिकदृष्ट्या जमीन-अस्मानाचे अंतर आहे, यात शंका नाही. परंतु तारीख, स्थळ, मान्यवरांची नावे आणि आकडा ही नोंदीची घडण दोहोंत समान आहे. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली; मिळविल्याचा भाव मात्र पूर्णपणे गेला नाही. सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा. त्यांच्या आणि ५ नोव्हेंबर ही जन्मतारीख असलेल्या चितमपल्लींच्या गौरवार्थ या दोन तारखांमधील आठवडा २०२० सालापासून महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. आठवड्याच्या अखेरच्या दिवसाचा हा दुसरा, रक्ताचा इतिहास त्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या लेखांत यायला हरकत नसावी.

५

या संकेतव्यूहातून बाहेर पडण्याची वाट मराठीत नाही असे नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनात ती सापडते. त्यांचे महत्त्व शब्दसंग्राहक म्हणून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. बगळ्या-करकोच्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वस्तीला ‘काकागार’ हे शब्द त्यांनी रुळविले. ‘शब्दांचं धन’ आणि ‘पक्षिकोश’ यांनी मराठीच्या पक्षिनामांना एक भरीव आधार दिला. परंतु प्रस्तुत संदर्भात अधिक महत्त्वाचे आहे ते त्यांच्या नामसंग्रहाचे उगमस्थान. ही नावे त्यांनी संस्कृत ग्रंथांतून घेतली तशीच ती रानातल्या माणसांच्या तोंडून घेतली. नवेगावबांधविषयीच्या त्यांच्या लेखनात तेथील माधवराव पाटील हे जाणकार म्हणून नावानिशी येतात. ज्ञानाचा स्रोत माणूस म्हणून संहितेत उभा राहतो, ही साधी गोष्ट सत्-अनिबंधनाचा संकेत मोडते.

नवेगावबांध हे स्थळही असत्-निबंधनाला नकार देणारे आहे. त्याच्या नावातच बांध आहे. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा आहे. पुढे तोच ‘कोलासूर’ या नावाने देव झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळ्यांनी आणि इतर शेतकरी जमातींनी बांधलेले हजारो तलाव आहेत. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले आणि मालगुजारी संपल्यावर सरकारच्या ताब्यात आले. तलाव बांधणाऱ्याला देव करणारी ही संस्कृती पाण्याला अस्पर्श मानीत नाही. हस्तस्पर्शामुळेच ते पवित्र झाले असे ती समजते. त्याच पट्ट्यातील ढिवर समाजाच्या लोकांनी अलीकडच्या काळात काही तलावांतील बेशरमाची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. पाणवनस्पती ही मासळीची विणीची जागा आणि पाणपक्ष्यांचे अन्न असते, हे ज्ञान त्यांना पोटाने शिकविलेले आहे. धीवर हे उपमान येथे आपल्या मूळ अर्थाने परत येते.

चितमपल्लींच्या लेखनालाही संकेत आहेतच. अरण्य म्हणजे आश्रम आणि ज्ञान म्हणजे गुरुमुखातून मिळालेला प्रसाद, ही कल्पना त्यांच्या गद्याला गांभीर्य देते. त्याचबरोबर निवेदक हा वनखात्याचा अधिकारी आहे आणि ज्याच्याकडून तो नाव शिकतो त्याच्या चराईवर, सरपणावर, मासेमारीवर त्याच खात्याची सत्ता चालते, हा ताण ती निववून टाकते. शिष्यभाव आणि अधिकार यांचे हे सहअस्तित्व त्यांच्या चरित्राचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग असावा. समीक्षेने त्याकडे अद्याप पुरेसे पाहिलेले नाही. त्यांच्या अनुकरणातून आलेल्या लेखनात तर आश्रम उरला आणि माधवराव गेले, असे घडलेले दिसते.

६

आता मूळ आक्षेपाकडे पुन्हा वळता येईल. काव्याला कविसमय क्षम्य आहेत, इतकेच नव्हे तर उपकारक आहेत, असे राजशेखराचे मत होते. मग ललित गद्यालाच हा हिशेब का मागावा? याचे उत्तर या गद्यप्रकाराच्या प्रतिज्ञेत आहे. कवी चकोराला चांदणे पाजतो तेव्हा चकोर खरोखर काय खातो याची साक्ष तो देत नसतो, आणि वाचकही ती मागत नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायात चांदण्याचे कण वेचणारी चकोराची पिले येतात ती श्रोत्याच्या कोवळ्या मनाचे प्रमाण म्हणून. ज्या नेवाशात तो ग्रंथ सांगितला गेल्याची परंपरा आहे त्याच तालुक्यात आज जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी पोहोचले आहे. पण तेथील पक्षी पाहून कोणी त्या दृष्टांतावर खोटेपणाचा आरोप करणार नाही. पक्षिनिरीक्षणाचा वृत्तांत मात्र प्रत्यक्ष प्रमाणावर उभा असतो. अमुक दिवशी, अमुक स्थळी हे पाहिले, असे तो सांगतो आणि वाचक त्याला साक्षीदार मानतो. साक्षीदाराने निवड करणे वेगळे आणि संकेताने त्याच्यासाठी आधीच निवड करून ठेवणे वेगळे. जेथे प्रत्यक्षाची प्रतिज्ञा आहे तेथे कविसमय हा अलंकार राहत नाही; तो साक्षीतील दोष ठरतो.

अर्थात एका संकेताच्या जागी दुसरा बसविणे हा उपाय नव्हे. वृत्तांताच्या शेवटी येणारा पर्यावरणीय विलाप हा असाच एक सुलभ पर्याय झाला आहे. तो कोणालाही उद्देशून नसतो आणि म्हणून कोणालाही लागत नाही. मच्छीमाराला निसर्गाचा निरागस रक्षक बनविणे हाही नवा कविसमयच ठरेल. जाळ्यात पक्षी अडकतात, विषप्रयोग होतात, गाळपेरीवरची कीटकनाशके पाण्यात उतरतात; हेही ‘सत्’ आहे आणि त्याचेही अनिबंधन होता कामा नये. अपेक्षा आहे ती एवढीच की दुर्बिणीच्या वर्तुळात जे आहे त्याला आणि त्याच्या कडेला जे आहे त्याला एकाच वाक्यरचनेत जागा मिळावी. पाणी किती होते आणि ते कोणी सोडले होते. चिखल कोठून आला. बेटावर गवत कोणी कापले. नाव कोणी सांगितले. या चार गोष्टींनी वर्णनाची रमणीयता कमी होत नाही. शराटी चिखलात चोच खुपसते तेव्हा ती शतकभराच्या गाळात चोच खुपसत असते, हे कळल्याने ते दृश्य अधिक खोल होते.

मराठीत या पक्ष्यांना ज्यांनी नावे दिली त्यांनी हे अंतर मानले नव्हते. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला त्यांनी ‘वारकरी’ म्हटले. चोचीवर पिवळा आणि तांबडा ठिपका असलेल्या बदकाला ‘हळदी-कुंकू’ म्हटले. मासे धरणाऱ्या खंड्याला ‘धीवर’ म्हटले. नाव देताना त्यांना पाण्यावरचा पक्षी आणि काठावरचा माणूस एकाच नजरेत दिसत होता. या गद्यप्रकाराजवळ दुर्बीण आहे, नोंदवही आहे, अभ्यास आहे. ती एकत्र पाहण्याची नजर त्याला आपल्याच शब्दसंग्रहातून परत मिळवावी लागेल.